अंगावर जखम नाही, आरडाओरडा नाही. मग संमती नव्हती हे कोर्टात कसं शाबीत करायचं?

प्रश्न एका मोठ्या बहिणीने विचारला आहे. धाकटी बहीण नोकरी करते. तिच्या टीमचा प्रमुख ऑफिसच्या कार्यक्रमानंतर तिला घरी सोडायला आला, ‘पाणी पिऊन जातो’ म्हणून आत आला आणि तिने ‘नको’ म्हटल्यावरही थांबला नाही. ती ओरडली नाही, झटापट केली नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा ‘बरी आहेस ना?’ असा मेसेज आला, त्यावर तिने ‘हो’ लिहून हसरा चेहरा पाठवला. तक्रार तीन आठवड्यांनी दिली. दोषारोपपत्र दाखल झालं आहे आणि पुढच्या तारखांना तिची साक्ष आहे. समोरच्या वकिलांचा सूर आतापासूनच ‘सगळं संमतीने झालं’ असा आहे. ताईंचा प्रश्न असा: जखम नाही, साक्षीदार नाही आणि वर हा मेसेज, मग संमती नव्हती हे शाबीत कसं होणार? आणि तो मेसेज आपल्याकडून काढायचाच नाही, असं केलं तर चालेल का?

मी सत्र न्यायालयात सरकार पक्षातर्फे असे खटले बरीच वर्षं चालवले आहेत. आता पीडितेच्या बाजूने सरकारी वकिलांना साहाय्य करते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, चालणार नाही. का, ते पुढे येईलच.

ताई, ‘नकार सिद्ध कसा करायचा’ असा प्रश्न मनात धरला की माणूस नकाराच्या खुणा शोधायला लागतो: ओरखडे, फाटलेले कपडे, शेजाऱ्यांनी ऐकलेला आवाज. त्या सापडल्या नाहीत की केस संपली असं वाटतं. कायद्याने २०१३ पासून हा प्रश्नच फिरवला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये संमतीची व्याख्या दिली आहे: निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने दिलेली सहमती, जी स्त्रीने शब्दांतून, हावभावांतून किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकारे व्यक्त केली आहे, आणि तीही त्या विशिष्ट लैंगिक कृतीपुरती. त्याला जोडूनच म्हटलं आहे की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही. म्हणजे कोर्टासमोर शोध घ्यायचा तो होकाराचा. तो कुठे आणि कसा व्यक्त झाला? कार्यक्रमाला एकत्र जाणं, गाडीत बसणं, पाणी द्यायला दार उघडणं यातली कुठलीही गोष्ट त्या कृतीला दिलेला होकार ठरत नाही.

हे वाक्य कायद्यात सहज आलेलं नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारणं तीच, जी तुम्हाला आज ऐकवली जात आहेत: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याचं पटत नाही. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो निकाल. त्याच्या विरोधात १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यातला फरक त्यांनी मांडला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही कनिष्ठ न्यायालयांत ‘प्रतिकार दिसत नाही’ हा युक्तिवाद आजही होतो. तो ऐकून घाबरू नका. त्याचं उत्तर थेट कायद्याच्या मजकुरात आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्या केसेसना एकच उत्तर नसतं. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर गुन्ह्याला जुनी दंडसंहिता लागू होते, नंतरची असेल तर न्याय संहिता. संमतीची व्याख्या दोन्हीकडे जवळजवळ तीच आहे. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर संमतीचा मुद्दाच उरत नाही. तिथे वय शाबीत करणं हीच मोठी लढाई असते. ती नशेत असेल, किंवा तिला नकळत काही पाजलं असेल आणि काय घडतंय हे समजण्याच्या स्थितीत ती नसेल, तर तिने तोंडाने दिलेला होकारसुद्धा संमती ठरत नाही. लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवल्याची केस असेल तर सगळा रोख वेगळा असतो: वचन देतानाच ते पाळायचा इरादा नव्हता, आणि त्या वचनामुळेच ती तयार झाली, हे दाखवावं लागतं. लग्न पुढे काही कारणाने मोडलं, एवढ्यावर गुन्हा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रमोद सूर्यभान पवार प्रकरणात २०१९ मध्ये सांगितलं आहे. पतीविरुद्धची तक्रार असेल, तर पत्नी अठरा वर्षांवरील असताना हे कलमच लागू होत नाही, ही आजची कायद्याची स्थिती आहे. ती मला अन्यायाची वाटते, पण सल्ला देताना लपवता येत नाही.

तुमच्या केसमध्ये मी सर्वात आधी दोषारोप, म्हणजे पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून कोर्टाने आरोपीवर ठेवलेला आरोप, पाहीन. तो न्याय संहितेच्या कलम ६४(१) खाली ठेवला आहे की ६४(२) खाली? आरोपी तिच्या टीमचा प्रमुख होता. स्त्रीवर नियंत्रण किंवा वर्चस्व असलेल्या स्थितीतल्या माणसाने केलेला बलात्कार, तसंच विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्याने केलेला, हे ६४(२) मध्ये येतात. त्याने शिक्षेत फरक पडतोच, पण त्याहून मोठा फरक पुराव्यात पडतो. साक्ष अधिनियमाचं, म्हणजे पुराव्याच्या कायद्याचं, कलम १२०, जे पूर्वी ११४-अ म्हणून ओळखलं जायचं, फक्त ६४(२) च्या खटल्यांना लागू होतं. शरीरसंबंध आरोपीने ठेवल्याचं शाबीत झालं, आणि पीडितेने कोर्टासमोरच्या साक्षीत ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं आहे. ‘धरू शकतं’ नव्हे, धरायचंच आहे. मग ते खोडून काढण्याचं काम आरोपीवर येतं.

यात दोन जागा निसटतात. पहिली म्हणजे वर्चस्वाचा पुरावाच रेकॉर्डवर नसतो. ‘तो माझा साहेब होता’ एवढं पुरत नाही. तिच्या रजा कोण मंजूर करायचं, कामाचं मूल्यमापन कोण करायचं, पगारवाढीची शिफारस कोणाच्या सहीने जायची, याची कागदपत्रं आणि ती शाबीत करणारा ऑफिसमधला साक्षीदार हवा. तपासात हे आलं नसेल तर सरकारी वकिलांच्या आत्ताच लक्षात आणून द्या.

दुसरी जागा इतकी साधी आहे की कोणाच्या ध्यानात येत नाही. सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकील तिला आधी प्रश्न विचारतात तेव्हा, मुलगी सगळा प्रसंग सांगते, रडते, पुन्हा सांगते. न्यायाधीश ऐकून टंकलेखकाला मजकूर सांगतात: ‘आरोपीने माझ्यासोबत जबरदस्तीने संबंध ठेवले.’ पण ‘माझी त्याला संमती नव्हती’ हे स्वतंत्र वाक्य नोंदवायचं राहून जातं. कलम १२० ला तिचं हेच विधान लागतं. अपिलात बचावाचे वकील नेमकं तिथे बोट ठेवतात. हे तिच्या तोंडी घालायचं वाक्य नाही, ते तिचं स्वतःचंच आहे. सरकारी वकिलांनी ‘तुमची संमती होती का?’ एवढा सरळ प्रश्न विचारायचा असतो आणि उत्तर नोंदलं गेलं का ते पाहायचं असतं. साक्ष संपल्यावर तिला वाचून दाखवतात, तेव्हा थकवा कितीही असला तरी तिने ती नीट ऐकावी. काही चुकलं असेल तर तिथेच सांगावं.

शरीरसंबंध झाल्याचं शाबीत करायला तुमच्याकडे डीएनए नसेल, कारण तीन आठवड्यांनी ते नमुने मिळत नाहीत. पण बचाव संमतीचा असेल तर हा प्रश्न बऱ्याच अंशी आपोआप सुटतो. उलटतपासणीत आरोपीचे वकील तिला सजेशन देतील, म्हणजे आपल्या बाजूची गोष्ट प्रश्नाच्या रूपात तिच्यापुढे ठेवतील: ‘तुमच्या सहमतीने संबंध आले, असे म्हणणे खोटे आहे का?’ अशा सजेशनचा आणि त्यावरच्या उत्तराचा न्यायालय विचार करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात स्पष्ट केलं आहे. मात्र ‘काही घडलंच नाही’ आणि ‘घडलं ते संमतीने’ अशी दोन्ही दारं उघडी ठेवणारे बचावही असतात. म्हणून त्या रात्री तो तिथे होता हे दाखवणारे स्वतंत्र पुरावे, म्हणजे इमारतीचं फुटेज, कॉल रेकॉर्ड, टॉवर लोकेशन, सोडू नयेत.

आता त्या मेसेजकडे येते. हसरा चेहरा पाठवला हे वाईट दिसतं, मान्य आहे. पण लपवलं तर ते उलटतपासणीत येणारच, कारण तो मेसेज आरोपीच्या फोनमध्येही आहे. तिथे तो पहिल्यांदा निघाला की न्यायाधीशांना एकच प्रश्न पडतो: हिने आणखी काय सांगितलं नाही? मग तिच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही सावली पडते. म्हणून तो तिने स्वतः, सरतपासणीतच सांगावा आणि का पाठवला तेही सांगावं. जे खरं असेल तेच. कदाचित सोमवारी त्याच्याच समोर बसायचं होतं. कदाचित काय झालंय हे तिलाच अजून मान्य होत नव्हतं. कदाचित तिला फक्त तो विषय बंद करायचा होता. तुम्ही किंवा वकिलांनी सुचवलेलं कारण तिने देऊ नये. उसनं कारण उलटतपासणीच्या तिसऱ्या प्रश्नाला गळून पडतं. ‘मला नक्की सांगता येत नाही, मी घाबरले होते’ हे उत्तरही चालतं, खरं असेल तर.

माझं मत विचाराल तर अशा केसेस जखमांवर ठरत नाहीत. पीडितेची साक्ष अडचणीच्या तपशिलांसकट उभी राहते का, यावर ठरतात. फक्त पीडितेच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार असलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गुरमीतसिंग प्रकरणात १९९६ मध्ये ठामपणे सांगितलं. पण पुढे २०१२ च्या राय संदीप निकालात अशी साक्ष कशी असावी लागते तेही सांगितलं: सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुसंगत, उलटतपासणीत न ढळणारी आणि बाकीच्या पुराव्याशी जुळणारी. दोन्ही निकाल एकत्र वाचायला हवेत. पहिल्याच्या भरवशावर बाकीचा तपास सैल सोडलेल्या केसेस मी पाहिल्या आहेत.

तपशील म्हणजे काय, तेही सांगते. ‘त्याने जबरदस्ती केली’ हे वाक्य निष्कर्षाचं आहे, प्रत्येक साक्षीत असतं आणि म्हणून त्याचं वजन कमी. ‘मी नको म्हटलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, उद्या सुट्टीच आहे’, ‘त्याने दाराची कडी लावली तेव्हा मी भिंतीकडे सरकले’, ‘मला हात हलवावासा वाटत होता पण हलत नव्हता’ अशी वाक्यं जो तिथे होता तोच सांगतो. भीतीने शरीर गोठणं ही ओळखीची प्रतिक्रिया आहे. ती तिने स्वतःच्या शब्दांत सांगावी, वैद्यकीय संज्ञा वापरू नये. आणि जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ म्हणावं. वेळ नक्की माहीत नसेल तर अंदाजाने आकडा देऊ नये, कारण तोच आकडा कॉल रेकॉर्डशी ताडून पाहिला जातो.

उलटतपासणीत सर्वाधिक वेळ जाईल तो विसंगतींवर. तिची फिर्याद, पोलिसांनी घेतलेला पुरवणी जबाब, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब (कलम आता १८३ झालं आहे, पण कोर्टात अजून सगळे ‘१६४ चा जबाब’च म्हणतात) आणि ऑफिसच्या अंतर्गत तक्रार समितीपुढे काही दिलं असेल तर ते, असे तीन-चार मजकूर समोर ठेवून विचारतील, अमुक गोष्ट फिर्यादीत का नाही? मराठी साक्षींमध्ये एक छापील वाटावं असं वाक्य असतं: ‘सदर मजकूर माझ्या जबाबात का नमूद नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.’ साक्षीदाराला काही सुचत नाही म्हणून ते येतं आणि रेकॉर्डवर ते वाईट दिसतं. तिला खरंच कारण माहीत असेल तर तिने ते सांगावं. ‘मी सांगितलं होतं, त्यांनी लिहिलं नाही’, ‘तेव्हा तिथे पुरुष कर्मचारी होते, मला बोलता आलं नाही’, ‘फिर्याद देताना मी सलग बोलू शकत नव्हते’. किरकोळ तपशील सुटले तर केस पडत नाही; गुन्ह्याच्या गाभ्याचाच भाग आधी नव्हता आणि कोर्टात पहिल्यांदा आला, तर मात्र तो गंभीर धरला जातो.

तीन आठवड्यांच्या विलंबाचंही तसंच. लैंगिक गुन्ह्यात उशीर झाला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, पण खुलासा हवा आणि तो फिर्यादीतच आलेला असला तर उत्तम. या दिवसांत तिने कोणाला सांगितलं? हा माझा प्रत्येक केसमधला पहिला प्रश्न असतो. मैत्रीण, रूममेट, डॉक्टर, तुम्ही स्वतः. ज्या व्यक्तीला तिने पहिल्यांदा सांगितलं तिची साक्ष फार मोलाची असते. तिने घटना पाहिलेली नसते, पण हिने काय सांगितलं, कधी सांगितलं आणि तेव्हा ही कशा अवस्थेत होती, हे ती सांगू शकते. तिने ऑफिसला जाणं टाळलं, टीम बदलून मागितली, झोपेसाठी डॉक्टरांकडे गेली, याचे कागद असतील तर तेही द्या. नंतरचं वागणं हा पुरावा आहे आणि ते एका हसऱ्या चेहऱ्यापुरतं नसतं.

मोबाईलबद्दल एक कळकळीची विनंती. काहीही डिलीट करू नका, फोन बदलू नका, निवडक स्क्रीनशॉट देऊ नका. पूर्ण चॅट, आधीच्या महिन्यांसकट, रेकॉर्डवर आला पाहिजे. त्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि आता त्यात तज्ज्ञाने भरायचा भागही आहे. प्रमाणपत्र नसल्याने चांगले पुरावे बाजूला पडतात. आधीच्या चॅटमध्ये गप्पा, थट्टा, एकत्र कॉफी असं काही असलं तरी ते असू द्या. मैत्री होती हे ती नाकारत नाहीये.

वैद्यकीय अहवाल हातात आल्यावर त्यात ‘जखमा नाहीत’ असेल. डॉक्टर फार तर लैंगिक संपर्क झाला का हे सांगू शकतात. संमती होती की नव्हती हे शरीरावरून कळत नाही. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीत सरकारी वकिलांनी हे विचारून घ्यावं. अहवालात कुठे ‘लैंगिक संबंधांची सवय’ अशा अर्थाचं काही असेल तर त्याला आक्षेप घ्या. योनीत दोन बोटं घालून असा निष्कर्ष काढणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अवैध ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं जाईल असं बजावलं.

तिच्या पूर्वीच्या संबंधांबद्दल, चारित्र्याबद्दल प्रश्न विचारायला कायद्याने बंदी आहे, मग ते संबंध कोणाशीही असोत. तरीही प्रश्न येतात, आडून येतात: ‘तुम्ही यापूर्वी रात्री उशिरा पुरुष मित्रांसोबत बाहेर गेला होता का?’ आक्षेप त्याच क्षणी घ्यावा लागतो, उत्तर नोंदवलं गेल्यावर उपयोग नाही. खटला बंद दालनात चालतो. आरोपी तिला दिसू नये म्हणून पडदा लावता येतो आणि असुरक्षित साक्षीदारांसाठीचं केंद्र तुमच्या जिल्ह्यात असेल तर साक्ष तिथे घेण्याची विनंती करता येते. लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती कुठल्याही वयाची असली तरी या साक्षीदारांमध्ये मोडते. साक्षीच्या दिवशी अर्ज लिहायला घेऊ नका, आधीच्या तारखेला द्या.

एक गोष्ट समोरच्या बाजूने म्हणायला हवी. एवढं सगळं असूनही शाबीत करायची जबाबदारी सरकार पक्षाचीच असते आणि वाजवी संशय राहिला तर फायदा आरोपीला मिळतो. ते योग्यच आहे. कलम १२० चं गृहीतकसुद्धा तिच्या साक्षीवर न्यायालयाचा विश्वास बसला तरच खऱ्या अर्थाने कामाला येतं. म्हणून ‘शिक्षा नक्की होईल’ असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

आता लगेच करण्यासारखं: बहिणीच्या वतीने तुमची स्वतःची वकील नेमा आणि कोर्टाच्या परवानगीने तिला सरकारी वकिलांना साहाय्य करू द्या. तिच्यामार्फत दोषारोपाची प्रत तपासा. ६४(२) लागायला हवं असून लागलं नसेल, तर निकालापूर्वी कधीही दोषारोपात बदल करता येतो, पण बहिणीची साक्ष सुरू होण्याआधीच तो अर्ज गेला तर तिला पुन्हा पिंजऱ्यात उभं राहावं लागण्याची शक्यता कमी होते. उलटतपासणीनंतर काही मुद्दा अर्धवट राहिला असं तिला वाटलं तर तिने घरी येऊन तुम्हाला सांगण्याआधी, तिथल्या तिथे सरकारी वकिलांना सांगावं. फेरतपासणी त्यासाठीच असते. खालच्या कोर्टात निकाल विरोधात गेला तर पीडितेला स्वतः अपील करता येतं, पण वरचं कोर्ट सहसा हीच लिहिलेली साक्ष वाचणार आहे.